त्या भावात देतेस का?

२०२२ च्या जूनमधली गोष्ट, तशी किरकोळच. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची हिअरिंग होती, आम्ही दोघं गेलो, वीसेक मिनिटांत बाहेर आलो, लावलेली किंमत थोडी खाली आली, संपलं. पण त्या वीस मिनिटांत टेबलापलीकडच्या एका काकांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी पटकन "हो" म्हणून बसले, आणि ते "हो" काही केल्या डोक्यातून जात नाही. भांडी घासताना आठवतं, रात्री लाईट घालवायला उठले की आठवतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो अगं ते गंमत करत होते. असतील. मी नव्हते करत.

टेक्सासमधे राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डॅलस नाहीतर ह्यूस्टन येतं, देऊळ, पटेल ब्रदर्स, गणपतीला ढोलताशा. आम्ही वेको शहराच्या पूर्वेला, जिथे एक पोस्ट ऑफिस, दोन चर्च, एक डॉलर जनरल आणि मग कापूस, मका, परत कापूस. २०१९ मधे दहा एकर आणि त्यावरचं सत्तरच्या दशकातलं बसकं विटांचं घर घेतलं. जागा पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता आणि चार पावलांत बुटांना किलोकिलोभर चिखल चिकटला, काळाभोर, लोण्यासारखा, काडीनं खरवडला तरी निघेना. एजंट बाई बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती आणि मी येड्यासारखी हसत होते, कारण मी परभणी जिल्ह्यातली आहे आणि हा चिखल मी ओळखते. नंतर कळलं की टेक्सासची राज्यमाती म्हणून जी मिरवतात ती 'ह्यूस्टन ब्लॅक', आणि आपली कापसाची काळी जमीन, शास्त्रज्ञांच्या लेखी दोघी एकाच कुळातल्या, व्हर्टिसॉल. ओली झाली की फुगणार, वाळली की फाटणार. शेतातल्या तळ्याला इथे 'टँक' म्हणतात, तेही मला पहिल्याच दिवशी घरचं वाटलं. टँक म्हणजे टाकंच की. इंग्लिश शब्द गुजराती-मराठीतून गेला असावा असं डिक्शनऱ्यांत देतात, ते वाचून मी शेजाऱ्याला सांगायला पण गेले होते, त्याला फारसं काही वाटलं नाही.

त्याच वर्षी थंडीत बाबा आले होते. घराभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून, बुटाच्या टाचेनं जमीन उकरून बघितली आणि म्हणाले, "काळीत बांधलंय गं घर."

आमच्याकडं गाव पांढरीत असतं आणि शेत काळीत. काळीत घर बांधायचंच असेल तर मुरूम लागेपर्यंत पाया खणतात, नाहीतर जमीन घराला नांदू देत नाही. इथे काँक्रीटचा स्लॅब जमिनीवर ठेवतात आणि त्यावर घर, बशीत ठेवलेल्या ढोकळ्यासारखं. मग ऑगस्टमधे पारा ३८-४० च्या वर जाऊन बसला, दोन महिने थेंब नाही, की जमीन चारी बाजूंनी आकसते आणि घर कुरकुर करायला लागतं. दारं अडकतात. भिंतीला भेगा जातात. म्हणून उन्हाळ्यात इथले लोक घराला पाणी घालतात, खरंच, घराला. झिरपणारा काळा पाईप मिळतो, सोकर होज, तो पायापासून हातभर लांब चारी बाजूंनी अंथरायचा आणि संध्याकाळी नळ सोडायचा. पहिल्यांदा शेजाऱ्यानं सांगितलं तेव्हा वाटलं हा माझी फिरकी घेतोय. आम्ही काही ते पाईप आणले नाहीत. करू करू म्हणत राहून गेलं आणि हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीच्या वरच्या टोकापासून छतापर्यंत, एक तिरकी भेग गेली.

तर एप्रिलमधे ती नोटीस आली. टेक्सासमधे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे सगळे कौतुकानं सांगतात, पण मग शाळा, काउंटी, रस्ते हे कोण चालवणार, तर त्यातला मोठा वाटा घरपट्टीचा. आमच्याकडे सगळं मिळून साधारण दोन टक्के पडतात, दरवर्षी. त्यासाठी प्रत्येक घराची १ जानेवारीची किंमत ठरवतात, त्याचं वेगळं ऑफिस असतं, अप्रेझल डिस्ट्रिक्ट. आधी म्हणे शाळा, शहर, काउंटी सगळे आपापला भाव लावायचे, १९७९ च्या कायद्यानं ते एका छताखाली आणलं. आमच्या कागदावर घर आणि त्याखालचा एक एकर मिळून मागच्या वर्षी २,४१,००० डॉलर होते ते ३,३८,००० झाले होते. एका वर्षात. आणि भिंतीला भेग होती, फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात पाईप फुटून फुगलेली फरशी तशीच होती, मागचा बार्न एका बाजूला कलला होता. स्वतः राहता त्या घराचा करपात्र आकडा वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, म्हणून त्या वर्षी टॅक्स २,६५,१०० वरच बसणार होता. पण वरचा आकडा तिथे वाट बघत उभा असतो ना. आज ना उद्या जिना चढून आपण तिथे पोचणारच.

उरलेल्या नऊ एकरांचं त्याच कागदावर अजून मजेशीर असतं. दोन रकाने. एकात बाजारभाव, एकरी हजारो डॉलर. दुसऱ्यात शेतीभाव, एकरी अडीच-तीनशे. शेजारी आमच्या जमिनीवरचं गवत कापून गठ्ठे बांधून नेतो म्हणून आम्हाला शेतीभाव लागतो, उद्या तिथे गोडाऊन बांधलं तर मागच्या तीन वर्षांचा फरक वसूल करणार. एकच ढेकूळ, दोन भाव, शेजारीशेजारी छापलेले, आणि दोन्ही खरे.

नोटिशीत लिहिलं होतं, मान्य नसेल तर १५ मेच्या आत प्रोटेस्ट करा. प्रोटेस्ट म्हटलं की आपल्या डोक्यात मोर्चा येतो, झेंडे, कलेक्टर कचेरी, "नाय चालणार". इथे एक फॉर्म होता आणि त्यात चौकोन होते. 'किंमत बाजारभावापेक्षा जास्त' हा एक चौकोन, 'इतरांच्या तुलनेत असमान' हा दुसरा. मी दोन्हींवर टिक केली. नवरा म्हणाला हा कसला प्रोटेस्ट, ही तर हरकत. बरोबर आहे, गावाकडं हेच असतं, आकारणी लागते आणि हरकती मागवतात. आमच्या गावात हरकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही, लोक सरळ ग्रामसेवकाला चहा पाजायचे.

मग पुरावे. आणि इथे मला पहिल्यांदा कसंतरी व्हायला लागलं. किंमत कमी करून घ्यायची म्हणजे आपलं घर किती वाईट आहे ते आपणच गोळा करायचं. विकलेल्या घरांचे भाव दाखवावेत तर टेक्सासमधे विक्रीची किंमत सरकारला सांगायची सक्तीच नाही, आणि आमच्या भागात आमच्यासारखी घरं वर्षाला विकली जाऊन जाऊन किती जाणार, चार? पाच? शेजाऱ्याला विचारलं तर तो आकडा सोडून सगळं सांगायचा, गाय कधी व्याली इथपर्यंत. म्हणून माझी भिस्त फोटोंवर. एका शनिवारी दुपारी मी फोन घेऊन घरभर हिंडले. फरशीचा फोटो, वाकून, उजेड आडवा येईल असा, म्हणजे फुगवटा नीट दिसेल. बाथरूमच्या दाराचा, अडकलेला. बार्नचा, सूर्य मागे ठेवून, म्हणजे अजूनच भयाण. हॉलच्या कोपऱ्यात मी मोठं वारली चित्र लावलं होतं, खास त्या भेगेवर, दर दिवाळीला फॅमिली ग्रुपवर टाकायचा फोटो त्याच भिंतीसमोर काढतो आम्ही, पैठणी, कंदील, मागे वारली. ते चित्र खाली उतरवलं. भेग मी ऑगस्टनंतर बघितलीच नव्हती. फोटोत रुंदी कळावी म्हणून शेजारी नाणं ठेवतात असं वाचलं होतं, पाकिटात कार्ड सोडून काही नव्हतं, म्हणून देवघरातल्या सुपारीजवळचा रुपया आणला, हळदीनं पिवळा झालेला. तो भिंतीला धरून ठेवायचा होता. धरायला गेले तर तो भेगेत उभा राहिला, आपला आपण, अर्धा आत अर्धा बाहेर.

फोटो फार छान आला.

त्या रात्री फोनची गॅलरी वर सरकवताना दोन्ही फोटो एकाखाली एक दिसले, दिवाळीचा आणि हा. तीच भिंत. आणि मला एकदम आजी आठवली.

गावाकडचं आमचं घर माळवदाचं, आठ खणाचं. मी लहान असताना आकारणीला ग्रामसेवक आणि पंचायतीचा शिपाई टेप घेऊन यायचे. शिपाई गावातलाच, घर त्याला आतून-बाहेरून पाठ, तरी टेप धरायचा. आजी उंबऱ्यातच बसायची, म्हणजे आत जायला तिला ओलांडावं लागेल. "हे दोन खण पडलेत, ते कशाला मोजता बापा. तिकडं ढोरं बांधतोत आम्ही. वर तर पाणीच पाणी गळतंय, पावसाळ्यात लेकरं घेऊन बसायला जागा नाही." पडलेल्या दोन खणांत ज्वारीची पोती असायची आणि ढोरांच्या जागेत माझी आत्या अभ्यास करायची. आणि त्याच आत्याला बघायला पाहुणे आले तेव्हा तीच आजी, त्याच उंबऱ्यात, पदर सावरत, "बारा खणाचं माळवद हाय आमचं." बारा! आम्ही नातवंडं बोटं मोजायला लागलो तर काकूनं चिमटा काढला. ह्या गोष्टीवर आम्ही घरात इतक्या वेळा हसलोय की ती झिजून गुळगुळीत झालीय. पण रुपयाचा फोटो बघताना हसू आलं नाही, असं वाटलं की आजीला दोन्ही वेळा एक नंबरचं खरं बोलल्यासारखंच वाटत असणार.

ऑफिसच्या माणसाशी आधी फोनवर बोलणं झालं, तो म्हणाला ३,२२,००० करतो, सही करा. भला माणूस होता, घाईत होता. त्यानं घर रस्त्यावरून आणि विमानातून काढलेल्या फोटोत बघितलं होतं, आतून नाही, आणि कललेला बार्न वरून फार देखणा दिसतो. आम्ही नाही म्हणालो. म्हणून मग हरकती ऐकणारं बोर्ड. हे बोर्ड म्हणजे कोणी जज नसतात, काउंटीतलेच लोक, बहुतेक रिटायर झालेले. खोली शाळेच्या स्टाफरूमसारखी, खिडकीतला एसी घरघरतोय, जळक्या कॉफीचा वास. तिघं जण. एक बाई, नाकाच्या टोकावर चष्मा, हातातली पेन्सिल बघून मला खात्री की ह्या शिक्षिका असणार. एक गप्प गृहस्थ, शेवटपर्यंत गप्पच. आणि ते काका, हॅट टेबलावर उलटी ठेवलेली, हात असे की नांगर सोडून आत्ताच आलेत. उजवा हात वर करून शपथ झाली, खरं सांगेन. रेकॉर्डर सुरू.

ऑफिसच्या माणसानं तीन घरं दाखवली, त्यातलं एक तळ्याकाठचं होतं, बोटीच्या धक्क्यासकट. मी म्हटलं आमच्याकडे टँक आहे आणि त्यात बेडूक आहेत. बाई हसल्या. पाया उचलून सरळ करायचं कोटेशन दाखवलं, १८,४०० डॉलर. फरशी दाखवली. मग रुपयाचा फोटो. काकांनी तो कागद उचलून लांब धरला, जवळ आणला, आणि आधी विचारलं, हे नाणं कुठलं? मी सांगितलं. मग बोटानं भेगेवरून हळू वरपर्यंत गेले आणि म्हणाले, पाऊस झाला की मिटेल ही. आणि ऑगस्टात परत उघडेल. मी म्हटलं, हो, मला माहितेय, मी असल्याच मातीतली आहे. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुझ्या मते घर किती डॉलरचं?" म्हटलं २,६०,०००. त्यांनी शर्टाच्या खिशाला हात लावला, चेकबुक असल्यासारखा.

"मग त्या भावात देतेस का मला?"

इंग्लिशमधे तू-तुम्ही नसतं, पण मला ते 'देतेस का' असंच ऐकू आलं, बाजारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून विचारतात तसं. नवऱ्यानं तोंड उघडलं, त्याला काहीतरी हुशार उत्तर द्यायचं होतं, बहुतेक बाजाराची व्याख्या वगैरे. त्याच्या आत मी म्हणाले, "हो."

काका हसले. बाईंनी काहीतरी लिहिलं. मग मोशन, सेकंड, हात वर, २,९८,०००. म्हणजे चाळीस हजार उतरले आणि त्या वर्षी आमचा एक डॉलर वाचला नाही, कारण टॅक्स २,६५,१०० वरच बसणार होता आणि बसला. हे मला आधी माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

पण ते "हो". मी विचार करून दिलं नव्हतं, आणि मला तेच खटकतं, की ते इतकं तयार होतं तोंडात. ह्या घरात मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मेथी लावली. बाथरूमच्या दाराला कसं वर उचलून ढकलायचं ते फक्त मला जमतं. बाबा त्या हॉलमधे तीन आठवडे झोपले, ती त्यांची एकच खेप, आता ते नाहीत. आणि मी हॅट घातलेल्या अनोळखी माणसाला, शपथेवर, घे म्हणाले.

पुढे कधीतरी लक्षात आलं की हे "हो" मी आधी एकदा म्हटलेलं आहे. बाबा गेल्यावर भावाचा फोन आला होता, ताई, तू आलीच आहेस तर ते हक्कसोडचं उरकून घेऊ का, परत तुझं येणं कधी होतंय. मी म्हटलं, हो, उरकू की. त्यानं वाक्य पूर्ण करायच्या आत. तो वाईट नाही, अजिबात नाही, त्यानंच आईचं सगळं केलं, शेती त्यानंच सांभाळली, मी तर हजारो मैलांवर. निबंधक कार्यालयात तीन तास बसलो, बाकावर माझ्यासारख्या अजून चार-पाच बहिणी, कुणी चाळिशीची, एक तर सत्तरीची, सगळ्यांच्या नवीन साड्या. कॅमेऱ्यात बघा मॅडम. अंगठा दाबा. परत दाबा, नीट आला नाही. कागदावर वाचलं, 'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने'. शेजारी मिळकतीचं वर्णन, माळवदाचं घर, खण आठ. आठच. सही करताना मला वाटलं होतं आपल्याला काहीच वाटत नाहीये, आणि बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो, भावानं पैसे दिले, वहिनीनं साडी दिली, ती मी अजून घडी मोडलेली नाही. त्या घराची किंमत मला कुणी विचारलीच नाही. विचारली असती तर मी किती सांगितली असती? आजी असती तर तिनं बारा खणाची सांगितली असती.

हे सगळं आत्ता लिहितेय, तेव्हा हिअरिंगमधून बाहेर पडलो तेव्हा फक्त ऊन होतं. पार्किंगमधे ट्रकचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी हवा. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. हायवेला लागल्यावर म्हणाला, "खरंच दिलं असतंस?"

"कुणाला, त्यांना?"

"कुणालाही."

मी खिडकीतून बघत होते. कापूस गुडघ्याएवढा झाला होता आणि ओळींच्या मधे जमीन आत्ताच फाटायला लागली होती, जून संपायच्या आत. पुढे हार्डवेअरचं दुकान आलं. मी म्हटलं थांब जरा. सोकर होज पन्नास फुटी असतो, घराचा घेर काढला तर चार लागतात. दुकानात दोनच शिल्लक होते. दोन्ही घेतले, आणि काउंटरवरच्या पोराला सांगून ठेवलं, पुढच्या आठवड्यात माल आला की अजून दोन बाजूला काढून ठेव.